बारा दिवसांचा उतार

धाकटी अठ्ठावन्न वर्षांची होती. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, निवृत्ती चार महिन्यांवर आली, तरी घरात ती धाकटीच. कारण घरात थोरली होती. थोरली एकाहत्तरची. दोघी जावा. ज्या दोन भावांमुळे हे नातं जडलं ते दोघेही तीन वर्षांच्या अंतराने निघून गेले, मूलबाळ कुणालाच झालं नाही, आणि मागे एका छपराखाली राहिल्या या दोघी. ज्यांचं आयुष्यात एक दिवस पटलं नाही, त्यांनाच म्हातारपणी एकमेकींच्या गळ्यात बांधायचं, हा कुठला न्याय म्हणायचा तो देवच जाणे.

पटत नव्हतं म्हणजे अगदी विळ्याभोपळ्याचं सख्य. धाकटी सकाळी आठला लॅबमध्ये जायची, संध्याकाळी सहाला दमून यायची, आणि तिच्या हातून घरात जे काही होईल त्यात थोरलीला खोट दिसायची. भाजी जाडच चिरली. चादर उलटीच घातली. नळ नीट बंद केला नाही. "तीस वर्षं नोकरी करतेस म्हणे. तिथे खपतं का गं असलं?" धाकटी उठून नळ पुन्हा आवळायची. तिथे असलं खपत नव्हतंच. तिथे तीस वर्षांत तिच्या हातून एक चूक झाली नव्हती, पण हे थोरलीला सांगायला जायचं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

मग थोरलीचा घसा बसला. म्हणजे आवाज नव्हे, आवाजाला काय धाड भरली होती? घास उतरेना. आधी छातीच्या आजारपणात महिनाभर प्रतिजैविकं झाली होती, साखर तर वीस वर्षांची जुनी, आणि त्या सगळ्याच्या पाठीवर अन्ननलिकेत यीस्ट माजलं. डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून पाहिलं आणि पांढरा थर बसलाय म्हणाले.

"यीस्ट म्हणजे पाव फुगवायचं तेच ना?" थोरलीने विचारलं.

"त्याच्या भावकीतलं," धाकटी म्हणाली.

"मग ते माझ्या घशात काय करतंय? मी काय भट्टी आहे?"

नेहमीची गोळी दिली. तीन आठवडे झाले, यीस्टने ढुंकून पाहिलं नाही. मग सलाईनमधून जोरदार औषध सुरू केलं, तर चौथ्या दिवशी मूत्रपिंडांनी मान टाकली आणि ते बंद करावं लागलं. दुसरं एक महाग इंजेक्शन होतं, त्यालाही हे यीस्ट बधत नसल्याचं तपासणीत निघालं. थोरली हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळच्या खाटेवर पडून राहिली. दुधाचा घोट घेतानाही तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी धाकटीला बाहेर बोलावून सांगितलं, "दोन-तीन आठवड्यांत खायला लागल्या नाहीत तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि या वयात, या ताकदीवर, नळी घातल्यावर पुढे काय, ते मी खात्रीने सांगू शकत नाही." थोरलीने आतूनच ओरडून सांगितलं की नळीबिळी काही नको, मरायचं तर तोंड मोकळं ठेवून मरेन. कान मात्र तिचे तिखट होते.

आता धाकटीचं काम काय, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. याच हॉस्पिटलच्या मागे, धुलाईखान्याच्या वरच्या मजल्यावर, तिची लॅब. खालून दिवसभर वाफेचा आणि ओल्या चादरींचा वास यायचा. तिथल्या मॅडम गेली चार वर्षं असल्याच हट्टी यीस्टच्या मागे लागल्या होत्या. नवीन औषध शोधून काढायचं तर दहा-पंधरा वर्षं कुठेच गेली नाहीत. त्यापेक्षा जी औषधं आधीपासून दुकानात आहेत, हजारो माणसांच्या पोटात जाऊन आली आहेत, ज्यांचे गुणदोष ठाऊक आहेत, त्यांतलंच एखादं इथे उपयोगी पडतं का ते बघायचं. रक्तदाबाची, उदासीची, सांधेदुखीची, जंतांची, शिंकांची, असली शहाण्णव जुनी औषधं मॅडमनी जमवली होती. घरातल्याच जुन्या भांड्यांत नवीन काही शिजतंय का, हे पाहण्यातला प्रकार. काही औषधं एकटी काहीच करत नाहीत, पण नेहमीच्या गोळीच्या जोडीला दिली की हट्टी यीस्टचा हट्ट मोडतो, असं त्यांना आधी एक-दोनदा लॅबमध्ये दिसलं होतं.

काम कंटाळवाणं. तळहाताएवढी प्लास्टिकची पारदर्शक प्लेट, तिला शहाण्णव खळगे, ए ते एच अशा आठ ओळी, एक ते बारा अशा बारा रांगा. प्रत्येक खळग्यात एक जुनं औषध, चिमूटभर नेहमीची गोळी आणि वर यीस्ट. दोन दिवस उबेत ठेवायचं. खळगा गढूळ झाला तर यीस्ट जिवंत. नितळ राहिला तर मेलं. चार वर्षं धाकटी असे खळगे भरत होती, आणि नितळ खळगा दिसणं म्हणजे उंबराचं फूल दिसणं.

धाकटीने आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी ती मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आमच्या जाऊबाईंचं यीस्ट आपल्याकडे आलंय. सगळ्या शहाण्णव औषधांवर तपासून बघू या का?"

मॅडम धाकटीपेक्षा वीस वर्षांनी लहान, डोळ्यांखाली काळं, सदा झोप अपुरी. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बघू या की. पण ताई, नियम माहितेय ना? घरच्या माणसाचा नमुना असला की वाचायचं दुसऱ्याने. तुम्ही भरा. मी वाचते."

नियम चांगलाच होता. घरच्या माणसासाठी डोळ्यांना नको ते दिसतं. धाकटीने एकाच दिवशी तीन प्लेटा भरल्या, कारण एकदा दिसलं तर योगायोग, तीनदा दिसलं तर खरं, असा लॅबचा कायदा. दोन दिवसांनी मॅडमनी भिंग घेतलं, प्लेटा उजेडात धरल्या आणि एकेक खळगा वाचत गेल्या. धाकटी दुसऱ्या टेबलाशी पाठ करून बसली होती. बाटल्या पुसत होती म्हणे. एकच बाटली पुसत होती.

"ताई," मॅडम म्हणाल्या, "सी-चार नितळ आहे."

तिन्ही प्लेटांत तेच. यादीत पाहिलं तर सी-चार म्हणजे शिंकांवरची जुनी गोळी. सर्दी झाली की कुणीही घेतं आणि दिवसभर पेंगतं, तीच. मॅडमना जरा नवल वाटलं, पण तिन्ही प्लेटा एकच सांगत होत्या. डॉक्टरांनी कागद पाहिले, हॉस्पिटलच्या समितीची परवानगी घेतली, थोरलीची सही घेतली. थोरली सही करताना म्हणाली, "शिंकांची गोळी घशाला? उद्या पायाला डोळ्यांचे थेंब घालाल." पण सही केली.

त्या संध्याकाळी धाकटी वॉर्डात आली तेव्हा तिची चाल बदलली होती. खुर्ची ओढून बसली आणि हसून म्हणाली, "वहिनी, सापडली तुमची गोळी. तिन्ही वेळा सापडली." मागोमाग मॅडमही आल्या होत्या. त्यांनी थोरलीला सांगितलं की तुमच्या या जाऊबाईंच्या हातात तीस वर्षांत चूक नाही, आमची लॅब त्यांच्यावरच चालते. धाकटी खाली मान घालून पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. थोरली दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

गोळी सुरू झाली, आणि तिसऱ्या दिवशी थोरली म्हणाली, "उतार वाटतोय हं."

ऐकून धाकटीचा जीव भांड्यात पडला. रोज संध्याकाळी ती पायऱ्या चढून तिसऱ्या मजल्यावर यायची, आणि रोज थोरली म्हणायची, उतार आहे. धाकटीसमोर अर्धी वाटी दूध प्यायची, सावकाश, डोळे मिटून. रात्री शांत झोपते, असं सिस्टरनेही सांगितलं. चिडचिड कमी झाली. वजन मात्र दीड किलो उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, आधीचं नुकसान भरून यायला वेळ लागतो, चौदाव्या दिवशी पुन्हा दुर्बीण घालू. धाकटीनेही तेच घोकलं. जे ऐकायचं असतं तेच ऐकायला येतं, आणि तीस वर्षांची शास्त्रातली नोकरी त्यापुढे काही कामाची नाही.

बाराव्या दिवशी, दुपारी, ती दुसऱ्याच कुणाच्या नमुन्यासाठी प्लेटांचं नवं पाकीट फोडत होती. या प्लेटेचा एक कोपरा कापलेला असतो, दिशा कळावी म्हणून. कापलेला कोपरा डावीकडे वर धरायचा, म्हणजे पहिला खळगा, ए-एक, तिथे येतो. तीस वर्षं धाकटीचे हात कोपरा बघून चालत होते. अक्षरं प्लेटेवर असतात, पण प्लास्टिकचीच, उठावाची, पाण्यात मीठ दिसावं तितपत दिसणारी. ती कोण बघतंय? तिने सवयीने कोपरा डावीकडे वर धरला, तारीख घालायला पेन टेकवलं, आणि अंगठ्याखाली काहीतरी वेगळं लागलं. ए-ला टोक असतं. हे बोटाला दोन उभे खांब लागत होते.

तिने प्लेट खिडकीकडे नेली. तिच्या कापलेल्या कोपऱ्याशी ए नव्हता. एच होता. आणि बारा. यावेळच्या प्लेटा दुसऱ्या कारखान्यातून आल्या होत्या, आणि त्या कारखान्याने कोपरा बरोबर तिरप्या समोरच्या टोकाला कापला होता.

पाकिटावरची तारीख तिने पाहिली. थोरलीच्या तिन्ही प्लेटा याच गठ्ठ्यातल्या.

धाकटी स्टुलावर बसली. तिला काही विचार करावा लागला नाही, सगळं आपोआपच उलगडत गेलं. तिने कोपरा धरून भरलं होतं. मॅडमनी अक्षरं बघून वाचलं होतं. तिने स्वतः वाचलं असतं तर तिचे डोळेही कोपऱ्यावरूनच चालले असते आणि उत्तर बरोबर आलं असतं. नियम पाळला म्हणून चूक झाली. आणि तीनदा तपासलं म्हणे! अहो, उलटी धरलेली प्लेट तीनदा वाचली तरी उलटीच वाचली जाणार. जो खळगा मॅडमना सी-चार दिसला तो मुळात तिने भरला होता एफ-नऊ म्हणून.

एफ-नऊ म्हणजे जंतांवरचं जुनं औषध.

बारा दिवस थोरली शिंकांची गोळी खात होती. बारा दिवसांत तिला एक शिंक आली नाही, एवढाच काय तो गुण.

पण मग उतार कसला? हा प्रश्न धाकटीला तिथेच, स्टुलावर पडला, आणि त्याचं उत्तरही लगेच कळलं. ते कळल्यावर तिला आधी रागच आला. मग भीती वाटली. त्या दीड किलोची भीती. थोरली गेली तर घरी कुलूप उघडून आत जायचं आणि कुणी काही बोलणार नाही. जगात तिला धाकटी म्हणणारं एकही माणूस उरणार नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी ती एकदम कुणाचीच कोणी नसलेली एक म्हातारी बाई होऊन जाईल. थोरलीशिवाय जगायचं आपल्याला जमणार नाही, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

तिने प्लेट मॅडमसमोर ठेवली. मॅडमनी कोपरा पाहिला, अक्षर पाहिलं, पुन्हा कोपरा पाहिला. चेहरा उतरत गेला.

"माझीही सही आहे त्या निकालावर," त्या म्हणाल्या.

"भरणारी मी होते."

"ताई, चार महिने राहिलेत तुमचे. प्लेटा सदोष आल्या असं लिहिलं तरी ते खोटं नाही. कंपनीने कोपरा बदलला, कळवलं नाही."

"पाकिटावर चित्र काढलंय त्यांनी," धाकटी म्हणाली. "मीच पाहिलं नाही. लिहा, पाहिलं नाही म्हणून. आणि आजच्या आज नव्याने तपासू या. भरायला दुसरं कुणी, वाचायला तिसरं कुणी. मी हात लावत नाही."

"तुम्ही कुठे चाललात?"

"वर. तिला सांगायला नको का?"

तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्या त्या दिवशी संपता संपेनात. थोरली खिडकीकडे तोंड करून पडली होती. शेजारच्या स्टुलावर दुपारच्या दुधाची वाटी तशीच, वर साय धरलेली. धाकटी अवेळी आलेली बघून थोरलीने घाईने वाटीवर झाकण ठेवायला हात नेला, पण हात वाटीपर्यंत पोचायला तिला वेळ लागला.

"राहू द्या झाकण," धाकटी म्हणाली. "वहिनी, माझी चूक झाली. गोळी चुकीची दिली गेली. मी प्लेट उलटी धरली. बारा दिवस तुम्ही भलतीच गोळी खाताय."

थोरलीने हात मागे घेतला. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं."

"गोळीचं मला काय माहीत असणार? घसा माझा आहे, त्याचं माहीत होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कळलं, हिचा काही उपयोग नाही."

"दूध कोण पीत होतं मग?"

"तू असलीस की मी. तू गेलीस की पलीकडच्या खाटेवरची. तिला भूक फार."

"आणि उतार आहे, उतार आहे, ते काय होतं?"

थोरलीने मान भिंतीकडे वळवली. "तू त्या दिवशी हसलीस," ती म्हणाली. "ती तुझी मॅडम सांगत होती चूक नाही म्हणून, आणि तू पोरीसारखी पिशवीचा बंद ओढत बसलीस. दोघं गेल्यापासून तुला हसताना पाहिलं नव्हतं मी. म्हटलं, मला नाही लागू पडली गोळी, हिला तरी लागू पडलीय. आजवर तुझ्या चुकाच काढत आले. ही एक माझ्याबरोबर गेली असती, तर कुणाचं काय बिघडत होतं?"

आता इथे दुसरी कुणी असती तर गळ्यात पडून रडली असती. धाकटी भडकली. आयुष्यात पहिल्यांदा तिने थोरलीवर आवाज चढवला, आणि असा चढवला की पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली.

"काय बिघडत होतं? अहो, जन्मभर नको तिथे बोललात! चादर, नळ, भाजी, दिवा! आणि जिथे बोलायचं तिथे तोंडाला कुलूप? तिसऱ्या दिवशी एक शब्द बोलला असतात, 'धाकटे, तुझी गोळी फुकट आहे', तर चौथ्या दिवशी मला चूक सापडली असती. आठ-नऊ दिवस घालवलेत! दीड किलो घालवलंत! मला तुमची दया नको होती, मला तुमची कटकट हवी होती!"

"ओरडू नकोस. आजारी माणसं आहेत इथे."

"तुम्हीही त्यातल्याच एक आहात, कळतंय का?" धाकटीचा आवाज फाटला. मग ती खुर्चीवर बसली आणि रडली. पदर नाही, रुमाल नाही, लॅबच्या कोटाच्या बाहीलाच नाक पुसलं. थोरली तिच्याकडे बघत होती. "त्या कोटाला जंतू असतील," ती म्हणाली, आणि धाकटीने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

डॉक्टर ऐकून घेताना उभेच राहिले. ओरडले नाहीत, आणि तेच धाकटीला जास्त लागलं. सकाळपासूनची त्यांची ही कितवी वाईट बातमी होती कोण जाणे. "आता दुसऱ्या निकालावर मी कशाच्या भरवशावर सही करू?" एवढंच ते म्हणाले.

"माझ्या करू नका," धाकटी म्हणाली. "प्लेटा स्वतः येऊन बघा."

दोन दिवसांनी ते खरंच आले. प्लेटांवर मॅडमनी कोपऱ्याकडे नव्हे, अक्षरांवर लाल खुणा केल्या होत्या. एकीने भरलं, दुसरीने वाचलं, डॉक्टरांनी स्वतः भिंग धरून पाहिलं. एफ-नऊ नितळ. बाकी पंच्याण्णव गढूळ. समितीच्या लोकांनी पुन्हा कागद वाचले, चार प्रश्न जास्त विचारले. प्लेटेत मेलेलं यीस्ट माणसाच्या घशात मरेलच असं नाही, हे डॉक्टरांनी थोरलीला दोनदा समजावून सांगितलं. "आणि पाच दिवसांत फरक नाही पडला तर नळीचं बोलावंच लागेल."

"शिंका झाल्या, आता जंत," थोरली सही करत म्हणाली. "होऊ दे सगळं साफ." सहीचं शेवटचं अक्षर कागदावरून घसरून चादरीवर गेलं.

धाकटीने एक वही केली. रोज दोनदा यायची, सकाळी कामाला जाताना आणि संध्याकाळी सुटल्यावर. समोर बसून चमचाभर दूध द्यायची, आणि विचारायची. आणि आधीच बजावलं होतं, की खोटं बोललात तर बघा.

पहिल्या दिवशी, "दुखलं."

दुसऱ्या दिवशी, "दुखलं. कालच्यासारखंच."

तिसऱ्या दिवशी चमचा तोंडाशी गेल्यावर थोरलीने मान फिरवली आणि म्हणाली, "नको गं. नाही होत." धाकटीने तेही लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. त्या दिवशी तिने घरी जाऊन काही शिजवलं नाही, भिंतीला टेकून बसून राहिली आणि तशीच झोपली.

चौथ्या दिवशी, "दुखलं."

पाचव्या दिवशी संध्याकाळी धाकटी आली तेव्हा तिचे पाय भरून आले होते. डॉक्टर सकाळीच म्हणाले होते, उद्या नळीचं ठरवू. तिने खुर्ची ओढली, वाटी घेतली, चमचा पुढे केला. थोरलीने तोंड उघडलं. गिळलं. थोडी थांबली.

"आज कमी दुखलं," ती म्हणाली.

धाकटीने वही उघडली नाही. "खरं सांगा."

"खरंच सांगतेय."

"मागेही खरंच सांगत होतात." दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि धाकटीचं तोंड चांगलंच पोळलं होतं. उद्या नळी म्हणाले हे थोरलीने ऐकलं असणार. नळी टाळायला ही बाई काहीही सांगेल. किंवा धाकटीचा हा असा चेहरा बघून सांगेल. या बाईचं काही सांगता येत नाही, वाईट वागण्यापेक्षा चांगलं वागण्याचीच आता धास्ती. "वहिनी, मी दमलेय हो. मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नका. नसेल कमी तर नाही म्हणा."

"कमी आहे गं बाई. कसं सांगू तुला?"

"शपथ घ्या."

"घेते की. कुणाची घेऊ?"

प्रश्न सहज विचारला गेला होता, पण त्याचं उत्तर दोघींनाही देता येईना. नवऱ्याची घ्यावी, तर नवरे नाहीत. मुलाबाळाची घ्यावी, तर झालीच नाहीत. आईबापांना जाऊन तीस-चाळीस वर्षं झाली. शपथ घ्यायची ती जित्या माणसाची, ज्याला आपल्या खोटेपणाचा फटका बसला तर आपल्याला सोसणार नाही अशा माणसाची. थोरली खिडकीकडे बघत बसली, जणू तिथे कुणी आठवतंय का ते बघत होती.

मग तिने चादरीखालून हात काढला. हाडं आणि कातडी एवढाच राहिला होता तो. "जवळ ये," ती म्हणाली. धाकटी वाकली. थोरलीने तो हात तिच्या पिकल्या डोक्यावर ठेवला.

"तुझी शपथ," ती म्हणाली. "आज कमी दुखलं."

धाकटी तशीच वाकून राहिली. कंबर दुखत होती, तरी राहिली. मग सावकाश उठली, डोळे पुसले, वहीत तारीख घातली आणि पुढे लिहिलं, कमी.

"अजून एक चमचा दे बघू," थोरली म्हणाली, आणि धाकटीने वाटी उचलली.